‘माणूस देव, राष्ट्राध्यक्ष शून्य’: जिमी कार्टरबद्दलच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. तेव्हापासून आमच्या दोन-तीन ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय, शब्द इकडेतिकडे बदलून. सार असं: माणूस देव होता पण राष्ट्राध्यक्ष म्हणून शून्य. महागाई त्यांनी आणली आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या रेगननी घालवली. इराणपुढे गुडघे टेकले, रेगननी शपथ घेताच घाबरून इराणने ओलीस सोडले. पनामा कालवा एका डॉलरला देऊन टाकला. इजिप्त-इस्रायलचा कॅम्प डेव्हिड करार म्हणजे नुसता फोटो. भारताचं वाईट केलं. आणि जे काही चांगलं केलं ते खुर्ची गेल्यावर.

मला कार्टरना महान ठरवायचं नाहीये, त्यांच्या चुका मोठ्या होत्या आणि पुढे लिहितोच. पण यादी चुकीची आहे. ज्याबद्दल त्यांना बोल लावायला हवा ते यात नाही आणि ज्याचं श्रेय द्यायला हवं तेच त्यांच्या डोक्यावर खापर म्हणून फोडलंय.

आधी महागाई, कारण सगळ्यात जास्त शेअर तोच मुद्दा होतो. आकडा खरा आहे, १९८० साली अमेरिकेत सरासरी महागाई १३.५ टक्के होती, लोक भयंकर वैतागले होते. पण ती १९७७ मध्ये कार्टर आल्यावर सुरू झाली का? १९७४ सालीच ती ११ टक्क्यांवर गेली होती. आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सननी १९७१ मध्ये किमती आणि पगार सरकारी हुकमाने गोठवले, ते उठल्यावर भाव उसळले, १९७३ ला अरब देशांनी तेल बंद केलं, आणि त्यातून जरा सावरतायत तोवर १९७९ ला इराणमध्ये क्रांती होऊन तेलाचे भाव पुन्हा दुपटीच्या वर गेले. कार्टर यांची चूक वेगळी होती. १९७८ मध्ये त्यांनी मध्यवर्ती बँकेवर म्हणजे फेडवर विल्यम मिलर यांना बसवलं, ते व्याजदर वाढवायला कचरत राहिले आणि दीड वर्ष हातचं गेलं.

पण नंतर काय केलं बघा. ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडचं प्रमुख केलं. व्होल्कर यांनी आधीच तोंडावर सांगितलं होतं की मी पैसा आवळणार, मिलरपेक्षा कडक वागणार. निवडणूक सव्वा वर्षावर आलेली, आणि असा माणूस नेमायचा म्हणजे घरकर्ज, गाडीकर्ज सगळं महागणार आणि शिव्या आपल्याला बसणार हे कुठल्याही पुढाऱ्याला कळतं. कार्टर यांनी नेमला. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला, पण तोवर मतदान होऊन गेलं होतं आणि कार्टर हरले होते. त्याच व्होल्करनी १९८३ पर्यंत महागाई साडेतीन टक्क्यांच्याही खाली आणली. रेगन यांनी व्होल्करना बऱ्यापैकी पाठीशी घातलं, १९८२ ला बेकारी १०.८ टक्के झाली तरी, हे श्रेय त्यांचं आहेच. पण औषध कोणी सुरू केलं आणि त्याचा कडूपणा मतपेटीत कोणाला भोवला हे सांगायचंच नाही, याला हिशोब म्हणत नाहीत.

आता ओलीस. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधली अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेली, ५२ माणसं ४४४ दिवस अडकली. एप्रिल १९८० मध्ये सुटकेसाठी पाठवलेली मोहीम वाळवंटातच फसली, हेलिकॉप्टर विमानाला धडकून आठ सैनिक गेले. हे अपयश आहे, यात दुमत नाही. पण ‘रेगनना घाबरून सोडले’ हे साफ चूक. सुटकेचा करार १९ जानेवारी १९८१ ला, म्हणजे शपथविधीच्या आदल्या दिवशी, अल्जीरियाच्या मध्यस्थीने झाला, त्यासाठी कार्टर सरकारातले वॉरन ख्रिस्टोफर महिनोन्‌महिने वाटाघाटी करत होते, गोठवलेला इराणचा पैसा किती आणि कुठल्या खात्यातून कसा फिरवायचा याच्या अटी बसवत होते. कार्टर यांनी शेवटच्या रात्री कार्यालयातच जागून काढल्या. विमानं तयार होती, इराणने ती मुद्दाम थांबवून ठेवली आणि २० जानेवारीला रेगन यांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांत सोडली. कार्टरना ते श्रेय मिळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्टर, आता माजी, जर्मनीला विस्बाडेनला जाऊन त्या सगळ्यांना भेटले. ५२ पैकी सगळे जिवंत परतले. बॉम्ब टाकून मतं मिळाली असती, माणसं परत आली असती का हे ज्याने त्याने ठरवावं, माझं मत ठरलेलं आहे.

इराणबद्दल खरी चूक कुठे झाली ते फॉरवर्डमध्ये नाहीच. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानमध्ये शाहच्या मेजवानीत कार्टर उभे राहिले आणि इराण हे या अशांत भागातलं स्थिरतेचं बेट आहे असं बोलले. मानवी हक्कांचा झेंडा घेऊन निवडून आलेला माणूस, आणि समोर कोण तर ज्याच्या तुरुंगात माणसांचे हाल होत होते तो राजा. वर्षभराच्या आत ते बेट पेटलं. आणखी एक, पूर्व तिमोरमध्ये इंडोनेशियाचं सैन्य कत्तली करत असताना त्या सैन्याला अमेरिकेची शस्त्रं जातच राहिली. यावर टीका करा ना, मीही सोबत येतो.

पनामा. ‘एका डॉलरला दिला’ हे धादांत खोटं. कालव्याची पट्टी १९०३ च्या ज्या तहाने अमेरिकेने घेतली त्यावर पनामाच्या एकाही माणसाची सही नव्हती. १९६४ मध्ये तिथे झेंड्यावरून दंगल झाली, वीसेक पनामावासी मेले. तिथून पुढे निक्सन, फोर्ड सगळेच बोलणी करत होते कारण लष्कराचेच लोक सांगत होते की चिडलेल्या लोकांच्या मधोमध कालवा राखणं कठीण आहे. कार्टर यांनी १९७७ मध्ये सही केली, सिनेटमध्ये ६७ मतं लागत होती, दोन्ही तहांना ६८ पडली. कालवा लगेच दिलाही नाही, १९९९ च्या अखेरीस दिला, आणि त्याच्या तटस्थतेचं रक्षण करायचा अमेरिकेचा हक्क कायम ठेवला. ज्या सिनेटरांनी हो म्हटलं त्यांतल्या कितीतरी जणांना पुढच्या दोन निवडणुकांत घरी बसावं लागलं.

कॅम्प डेव्हिडला नुसता फोटो म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. सप्टेंबर १९७८, तेरा दिवस, डोंगरातल्या लाकडी घरांत इजिप्तचे सादात, इस्रायलचे बेगिन आणि मध्ये कार्टर. सादात आणि बेगिन समोरासमोर बसले की भांडायचे, म्हणून कार्टर मसुदा हातात घेऊन या घरातून त्या घरात फिरत होते. अकराव्या दिवशी सादातनी बॅगा भरल्या, कार्टरनी जाऊन थांबवलं. शेवटच्या दिवशी बेगिन अडून बसले, जेरुसलेमवरून. त्यांनी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोवर सह्या मागितल्या होत्या. कार्टरनी प्रत्येक फोटोवर एकेका नातवंडाचं नाव घातलं आणि स्वतः चालत त्यांच्या दारात नेऊन दिले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, ओठ थरथरायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. नातवंडांबद्दल बोलणं झालं, मग युद्धाबद्दल, आणि त्या दिवशी सही झाली. १९४८, ५६, ६७, ७३ अशी चार युद्धं लढलेले हे दोन देश मार्च १९७९ च्या तहानंतर एकमेकांशी एकदाही लढलेले नाहीत. हा फोटो आहे का नुसता? हां, पॅलेस्टाइनचा भाग तिथे फसला. पॅलेस्टाइनच्या जमिनीवरच्या इस्रायली वस्त्या थांबवायचं बेगिननी कबूल केलंय असं कार्टरना वाटलं, बेगिन म्हणाले फक्त तीन महिने, आणि हे लेखी करून घेतलेलं नव्हतं. इंजिनिअर माणूस, बारीकसारीक कागद वाचणारा, आणि नेमकं हेच सुटलं. त्याची किंमत अजून मोजली जातेय.

भारत. मी बोईसरचा, तारापूर हा शब्द आमच्या घरात रोजचा, म्हणून हे नीट सांगतो. तारापूरचं अणुवीज केंद्र अमेरिकेने बांधायला मदत केली, समृद्ध युरेनियम तेच पुरवणार असा १९६३ चा करार. १९७४ ला पोखरण झालं आणि १९७८ मध्ये कार्टरनी सही केलेल्या कायद्याने अट आली की सगळे अणुप्रकल्प तपासणीला खुले करा, नाहीतर इंधन नाही. आपल्याला हे अन्यायाचं वाटलं आणि माझ्या मते अन्याय होताच, केलेला करार मागाहून कायदा करून बदलणं बरोबर नाही. जानेवारी १९७८ ला दिल्लीत असताना मोरारजींना थंड आणि रोखठोक पत्र लिहायला हवं असं कार्टर स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले, माइक चालू राहिल्याने जगाने ऐकलं. पण त्याच कार्टरनी १९८० मध्ये तारापूरला ३८ टन इंधन पाठवायचा निर्णय घेतला, सिनेटशी झुंजून ४८ विरुद्ध ४६ मतांनी वाचवला. शत्रू असं करत नाही. आणि शत्रू म्हणण्याआधी एवढं तरी माहीत असावं की या माणसाची आई, लिलियन, अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नर्स म्हणून विक्रोळीला आली होती, गोदरेजच्या वसाहतीत दवाखान्यात काम करायला.

बाकीचं भराभर. विमानाचं भाडं आणि मार्ग सरकारी मंडळाने ठरवायची पद्धत १९७८ ला त्यांनीच मोडली, ट्रक आणि रेल्वेची १९८० ला, सगळे म्हणतात रेगननी मोकळं केलं. त्यांच्याआधी अमेरिकेच्या इतिहासात केंद्रीय न्यायाधीश झालेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांनी एका कारकिर्दीत चाळीसच्या आसपास नेमल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग त्यांतल्याच. याउलट संसद दोन्हीकडे स्वतःच्या पक्षाची असूनही त्यांना ती सांभाळता आली नाही, आरोग्याचं विधेयक पडलं, आणि जुलै १९७९ ला सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागून त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

राहिलं ‘खरं काम पद गेल्यावर’. नारू, म्हणजे अंगातून जंत बाहेर येणारा रोग, संपवायचं त्यांचं काम अफाट आहे, १९८६ ला पस्तीस लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये जगभरात १४. लोणावळ्याजवळ मळवलीला २००६ मध्ये ऐंशी ओलांडलेला हा माणूस हातोडा घेऊन गरिबांची घरं बांधत होता, तेही खरं. पण या कौतुकाखाली चार वर्षं गाडून टाकायची हे मला मान्य नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये ५० पैकी ४४ राज्यं हरल्यावर दुसरा कोणी सामान बांधत बसला असता. कार्टरनी २ डिसेंबरला अलास्काच्या कायद्यावर सही केली आणि दहा कोटी एकरांहून जास्त जमीन, आख्ख्या महाराष्ट्राहून मोठी, जंगल आणि अभयारण्यं म्हणून राखली. तेल कंपन्या आणि तिथले पुढारी कित्येक वर्षं ते अडवत होते. पद सोडायला सात आठवडे उरले होते.