अडॅप्टरने लेन्स बसते, रेंजफाइंडर जोडला जात नाही

“डीएसएलआरची कोणतीही लेन्स एका स्वस्त अडॅप्टरने लायका एम कॅमेऱ्यावर बसते आणि एमच्या स्वतःच्या लेन्सइतकेच काम देते, मग एम माउंटच्या लेन्सवर पैसे कशाला घालवायचे?” हे विधान इतक्या ठामपणे आणि इतक्या ठिकाणी सांगितले जाते की, पहिलाच रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा लायका एमसारखा कॅमेरा, घेऊ पाहणारा माणूस त्यावर विश्वास ठेवून खरेदी करून मोकळा होतो. या विधानाच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी कारणे ठरलेली आहेत: माउंटचे (लेन्स बसते त्या कड्याचे) अंतर जुळते, फोकस हाताने करता येतो, नाहीतर अंतराच्या आकड्यांवरून लावता येतो, ॲपर्चरची (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राची) अडचण येत नाही, आणि फोटोच्या कडेचा दर्जा तर उलट सुधारतो. यातले पहिले कारण खरे आहे आणि शेवटचे काही अंशी खरे आहे. मधली कारणे मात्र रेंजफाइंडर चालतो कसा याकडे पाठ फिरवून दिलेली आहेत.

अंतराचा मुद्दा आधी संपवू. लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर लायका एममध्ये २७.८ मिमी असते. कॅनन ईएफमध्ये ते ४४ मिमी आणि निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी आहे, कारण तिथे मध्ये आरशाला हलायला जागा लागते. त्यामुळे ईएफसाठी १६.२ मिमी आणि निकॉनसाठी १८.७ मिमी जाडीचे कडे मध्ये घातले की लेन्स योग्य जागी येते आणि इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे अगदी दूरच्या दृश्यापर्यंत, फोकस मिळू शकतो. इथपर्यंत कोणाचाच वाद नाही.

वाद सुरू होतो तो “फोकस हाताने करता येतो” या वाक्यापासून. लायका एमची लेन्स काढून माउंटच्या आत वरच्या बाजूला पाहिले, तर एका दांडीच्या टोकाला बसवलेले छोटे चाक दिसते. ते बोटाने हळूच आत दाबत व्ह्यूफाइंडरमधून पाहिले की मधल्या उजळ चौकोनातली दुसरी प्रतिमा सरकताना दिसते. एमच्या लेन्सच्या मागच्या बाजूला एक कडा असते, तिला कॅम म्हणतात. फोकस रिंग फिरवली की कॅम पुढे-मागे होतो, चाक त्याच्या मागोमाग जाते, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस लागला असे आपण समजतो. रेंजफाइंडरने फोकस करणे म्हणजे एवढेच. लेन्समधून आत येणारी प्रतिमा डोळ्याला कधी दिसतच नाही. डीएसएलआरच्या लेन्सला असा कॅम नसतो आणि साध्या अडॅप्टरलाही तो नसतो. त्यामुळे चाक आपल्या हालचालीच्या एका टोकाला तसेच थांबून राहते, रिंग कितीही फिरवली तरी दोन प्रतिमांमधले अंतर जराही बदलत नाही, आणि लेन्सचा फोकस कुठे आहे हे सांगणारी कोणतीही खूण व्ह्यूफाइंडरमध्ये उरत नाही.

यावर “कॅम असलेले अडॅप्टरही मिळतात” असे उत्तर येते, आणि ते खोटे नाही. परंतु अशा अडॅप्टरमध्ये लेन्स इन्फिनिटीवर ठेवून अडॅप्टरच्याच रिंगने ती संपूर्ण पुढे सरकवावी लागते, आणि हा हिशेब फक्त ५० मिमीच्या आसपासच जुळतो. एमचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी फोकल लेन्थच्या हालचालीवर आखलेला आहे. एक मीटरवरच्या वस्तूसाठी ५० मिमीची लेन्स साधारण २.६ मिमी पुढे यावी लागते, ३५ मिमीची १.३ मिमी, तर ८५ मिमीची जवळपास ८ मिमी. एमच्या ३५ किंवा ९० मिमीच्या लेन्समध्ये कॅमची हालचाल हा फरक भरून काढेल अशी घडवलेली असते. अडॅप्टरच्या एकाच आट्यात वेगवेगळ्या लेन्सचा फरक मावणे शक्य नाही.

मग हे विधान इतके पसरले कसे? मला दिसणारे मुख्य कारण असे की, ज्या कॅमेऱ्यांवर हा प्रयोग करून दाखवला जातो ते रेंजफाइंडर नसतातच. २०१२ चा फुजीफिल्म एक्स-प्रो१ दिसायला रेंजफाइंडरसारखा आहे, त्याचा व्ह्यूफाइंडरही कोपऱ्यात आहे. पण त्यात कॅमने चालणारी यंत्रणा नाही, आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरवर सेन्सरची प्रतिमा थेट पाहता येते. सोनीच्या ई माउंटचेही तसेच. त्यांवर जुनी निकॉन लेन्स सुखाने चालते आणि तो अनुभव जसाच्या तसा एमवर लादला जातो. वास्तविक २०१२ साली जाहीर झालेल्या एम टाइप २४० च्या आधीच्या कोणत्याही एममध्ये, म्हणजे सगळ्या फिल्म एममध्ये आणि एम८, एम९ या डिजिटल कॅमेऱ्यांतही, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरची प्रतिमा थेट पडद्यावर पाहण्याची सोय, नाही. खुद्द लायकाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. लांब टेली लेन्स एमवर वापरता याव्यात म्हणून त्यांनी १९८० च्या दशकापर्यंत व्हिझोफ्लेक्स नावाची आरशाची पेटी विकली, म्हणजे त्या कामापुरता रेंजफाइंडरचा एसएलआर (आरशातून लेन्सचीच प्रतिमा दाखवणारा कॅमेरा) करून टाकला. आणि स्वतःच्या आर मालिकेच्या एसएलआर लेन्ससाठी अधिकृत अडॅप्टर आणला तो लाइव्ह व्ह्यू असलेल्या टाइप २४० बरोबर.

“फोकस दिसत नसेल तर अंतराच्या आकड्यांवरून लावा, रस्त्यावर फोटो काढणारे तेच करतात” हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो ऐकायला अनुभवी वाटतो. आकड्यांवरून फोकस तेव्हाच बरोबर लागतो, जेव्हा लेन्स ठरलेल्या अंतरावर अचूक बसलेली असते. इन्फिनिटी हमखास मिळावी म्हणून अनेक स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात. हा फरक फक्त ०.१ मिमी धरला, तर ५० मिमीच्या लेन्सवर २५ मीटरची खूण हीच इन्फिनिटी होऊन बसते. २४ मिमीच्या लेन्सवर, म्हणजे जिथे हा सल्ला सर्वाधिक दिला जातो तिथे, इन्फिनिटी पावणेसहा मीटरच्या आसपास येते. त्या लेन्सवर आपण ३ मीटर लावले, तर ती प्रत्यक्षात सहा मीटरपलीकडे फोकस करते. एफ ८ वर डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारा अंतराचा पट्टा) ही चूक पोटात घेईल. संध्याकाळी एफ २.८ वर तीन मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा मऊ पडेल. फिल्मवर तर हे रोल धुऊन येईपर्यंत कळणारही नाही.

ॲपर्चरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ॲपर्चर रिंग असलेल्या जुन्या निकॉन, पेंटॅक्स किंवा एम४२ (४२ मिमी स्क्रू माउंटच्या) लेन्सवर ते हाताने लावता येते आणि ज्या एममध्ये लाइट मीटर आहे तिथे तोही त्यानुसार ठीक चालतो. पण विधान “कोणतीही लेन्स” असे म्हणते. कॅनन ईएफ लेन्सचे ॲपर्चर १९८७ पासून विजेवर चालते. एमकडून वीज मिळत नाही, म्हणून ते पूर्ण उघडेच राहते. ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही आपल्याकडे घरोघरी असलेली लेन्स तर फोकससुद्धा विजेवरच करते, त्यामुळे तिची रिंग फिरवून काहीच घडत नाही. निकॉनच्या किटसोबत येणाऱ्या एएफ-पी १८-५५ चीही गत हीच, शिवाय ती छोट्या सेन्सरसाठी बनवलेली असल्याने फुल फ्रेमचे कोपरे काळे पडतात.

आता कडेच्या दर्जाचा दावा. यात तथ्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. आरशासाठी जागा सोडावी लागल्यामुळे एसएलआरच्या वाइड लेन्स रेट्रोफोकस रचनेच्या, म्हणजे मागे जास्त अंतर सोडणाऱ्या, असतात. अँजेन्यू कंपनीने ३५ मिमीची अशी लेन्स १९५० मध्ये आणली. या रचनेत प्रकाशकिरण सेन्सरच्या कोपऱ्यांवर कमी तिरके पडतात. फिल्मच्या काळातल्या सुपर-अँग्युलॉनसारख्या रेंजफाइंडर वाइड लेन्समध्ये डिजिटल सेन्सरवर कडेला जी रंगछटा येते, ती इथे बरीच कमी असते. वास्तू किंवा निसर्गदृश्ये ट्रायपॉडवरून आणि लाइव्ह व्ह्यूने टिपणाऱ्या माणसाला टाइप २४० किंवा त्यानंतरच्या एमवर निकॉनची जुनी २४ मिमी लावण्याने खरोखर फायदा होईल. मॅक्रो आणि १३५ मिमीपुढच्या टेलीबाबतही तेच, कारण ती कामे रेंजफाइंडरच्या आवाक्याबाहेरची आहेत. मात्र मोठी झूम लावून हातात धरून फिरायचा विचार असेल, तर कॅननची २४-७० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती एकटीच ८०५ ग्रॅमची आहे, व्ह्यूफाइंडरचा उजवीकडचा खालचा कोपरा ती झाकते, आणि झूमनुसार बदलणारी फ्रेम (फोटोत किती भाग येईल ते दाखवणारी चौकट) तर एमच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नाहीच.

पैशांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. लायकाच्या जुन्या ३९ मिमी स्क्रू माउंटचे अंतर २८.८ मिमी, म्हणजे एमपेक्षा बरोबर १ मिमी जास्त आहे. १ मिमीची रिंग लावली की त्या माउंटच्या रेंजफाइंडर लेन्स कॅमसकट एमवर चालतात आणि योग्य रिंग घेतली तर योग्य फ्रेमही आपोआप समोर येते. कॅननची जुनी ५० मिमी एफ १.८ किंवा रशियन ज्युपिटर-८ या अशा लेन्स आहेत. ज्युपिटर किंचित वेगळ्या मोजमापावर बनलेली असल्याने जवळून आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरवर तिचा फोकस थोडा सरकतो, एवढे ध्यानात ठेवावे. या बाजारात एक फसगत मात्र हमखास होते. सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या लेन्सही ३९ मिमीच्याच आट्यांच्या आहेत, पण त्या ४५.२ मिमी अंतरासाठी बनवलेल्या असल्याने एमवर रिंगने घट्ट बसूनही त्यांच्यात काहीच स्पष्ट दिसत नाही. लेन्स झॉर्की-फेड या रशियन रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठीची आहे की झेनिटसाठीची, हे विक्रेत्याला विचारून मगच पैसे द्यावेत.