गरुडाचा शिक्का आणि बिनशिक्क्याचं वजन: चिकोडीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

जुन्या वाल्थर जीएसपी या नेमबाजीच्या जर्मन पिस्तुलावर मी लेख लिहिला. त्यात शिक्क्यांवरून त्याचं साल 1972 काढलं आणि तोल साधायला बॅरलखाली लावायच्या सुट्या वजनाबद्दलही लिहिलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: "गरुडाचा शिक्का म्हणजे हिटलरचा काळ, हे शाळकरी पोरालाही कळतं, तुम्ही 1972 कुठून काढलंत? बॅरलखालच्या वजनावर शिक्काच नाही, म्हणजे ते कुणीतरी लेथवर करून बसवलेलं. बेळगावात बसून पुस्तकं वाचून जर्मन पिस्तुलांवर लिहू नये."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला लागलं. बेळगावात बसून म्हणजे काय? तुम्ही काय म्युनिकात बसून लिहिता? मतभेद असू द्या, पण माणसाच्या गावावर जाण्याचं कारण काय होतं? माझे थोरले काका सैन्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होते. निवृत्तीनंतर कॅम्पातल्या घरी परवानाधारकांची ये-जा असायची आणि बॅरल पुसायचं काम माझ्याकडे यायचं. शिक्के वाचायला मी भिंग घेऊन त्यांच्याशेजारी बसून शिकलो. पुस्तकं नंतर आली, आणि ती वाचल्याची मला लाज वाटत नाही. ज्यांनी पिस्तूल फक्त फोटोत पाहिलंय त्यांनी मला हे सुनवावं, याचं वाईट वाटतं. तसं नसेल तर कळवा, हा शब्द मागे घेईन.

एक गोष्ट मान्य. शिक्क्यांचा फोटो अंधुक होता, तो मोठा हवा होता. बदलतो.

आता गरुड. गरुडाखाली 'एन' हा तपासणीचा जर्मन शिक्का युद्धाआधीच्या कायद्याने आला हे खरं, पण युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या तपासणी केंद्रांनीही तोच वापरला. त्याच्या शेजारी काय आहे ते बघायचं असतं. या पिस्तुलावर हरणाचं शिंग आहे. ती उल्मच्या केंद्राची खूण. वाल्थरचा कारखाना युद्धापर्यंत थुरिंजियातल्या झेला-मेलिसला होता, उल्मला तो युद्धानंतर आला. शिंगाजवळ 'एचसी' ही दोन अक्षरं आहेत. ए म्हणजे 0, बी 1, सी 2, असं मोजत गेलं की एच म्हणजे 7. झालं 72. शिवाय जीएसपी हे मॉडेलच 1968 चं. हिटलरने ते कुठून आणलं असतं?

वजनाबद्दलचं तुमचं वाक्य मात्र मी सोडणार नाही, कारण असल्या वाक्यांमुळेच लोक चांगली वजनं भंगारात टाकतात.

शिक्का कशाचा असतो? नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त दाबाची काडतुसं झाडून बॅरल आणि बोल्ट टिकले, याचा. दाब सोसणाऱ्या भागांवरच तो ठोकतात. बॅरलखालच्या वजनाला गोळीचा दाब लागतच नाही, मग त्याची चाचणी कोण आणि कशासाठी घेणार? शिक्का नाही हा पुरावा कशाचाच नाही. अमेरिकेत तर सरकारी तपासणीची सक्तीच नाही. हाय स्टँडर्ड या तिथल्या कंपनीच्या सुपरमॅटिक पिस्तुलांना बॅरलखालच्या खाचेत सरकवायची 2 आणि 3 औंसांची, म्हणजे साधारण 57 आणि 85 ग्रॅमची वजनं मिळत. तिथे बॅरलवरसुद्धा सरकारी शिक्का सापडायचा नाही. मग ते अख्खं पिस्तूलच लेथवर केलेलं म्हणायचं का?

आणि वजन ही शोभेची वस्तू नाही. शंभर ग्रॅम मुठीत भरले तर पिस्तूल नुसतं जड होतं. तेच बॅरलच्या टोकाशी लावले की गोळी सुटताना बॅरलचं तोंड वर उडायला जास्त जोर लागतो, कारण फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. स्टँडर्ड पिस्तूल या स्पर्धाप्रकारात शेवटच्या टप्प्यात 10 सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात. तिथे प्रत्येक गोळीनंतर तोंड किती लवकर नेमावर परत येतं, यावर सगळं अवलंबून. जास्त लावलं तर मात्र मनगट थकतं आणि शेवटच्या गोळ्या खाली जातात. म्हणून नेमबाज थोडं लावून, थोडं काढून आपलं आपण ठरवतो. स्पर्धेचा नियमही हे वजन बाजूला ठेवत नाही. 1400 ग्रॅमची मर्यादा ही वजनं लावलेल्या पिस्तुलाची असते, आणि 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीतही ते सगळ्यासकट बसावं लागतं. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत ज्या 25 मीटर पिस्तूलमध्ये जगभर खेळल्या, तिथेही हीच मर्यादा आहे.

आपल्या भागात हा फरक कळणं आणखी गरजेचं. परवान्यात नोंद होते ती पिस्तुलाच्या क्रमांकाची, वजनाची नव्हे. निवडणुकीच्या आचारसंहितेत पिस्तूल ठाण्यात जमा करताना तोच क्रमांक जुळवतात. परवान्याची हद्द कर्नाटकापुरती असेल तर पिस्तूल घेऊन महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडता येत नाही. वजनाला यातलं काहीच लागू नाही, म्हणून ते वेगळं पडतं, वारसांना कसला लोखंडी तुकडा ते कळत नाही आणि ते हरवतं. मूळ वजन गेलं की पिस्तुलाचा तोल गेला. लेख मी याचसाठी लिहिला होता.

मुठीचं लाकूड आणि बाजारभाव यांवर तुम्ही जे लिहिलंय, त्यात मला पडायचं नाही. तुमच्याकडे पिस्तूल असेल तर शिंगाशेजारची अक्षरं इथे लिहा, साल मी काढून देतो. माझ्या लेखातलं 1972 तसंच राहील.