बंब उना का, भो?

आमच्या चोपड्याकडच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा दिवसभर एकच भांडण. खळ्यावरची कडब्याची गंजी पेटली, बंब तालुक्याहून यायला पाऊण तास, आला तोवर राख. मग अर्धे लोक नगरपालिकेला शिव्या देतायत आणि बाकीचे, पुण्या-अमेरिकेतले जास्त, म्हणे आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही, जर्मनीत बघा. जर्मनीत मीच, म्हणून मला टॅग.

तर सांगतो. मी इथे दीड वर्षापासून गावच्या फायर ब्रिगेडमध्ये आहे, बिनपगारी. पगारी दल फक्त १०० च्या आसपास मोठ्या शहरांत, बाकी देशाची आग १० लाखांच्या घरात असलेले असे हौशी लोकच विझवतात, आमच्यात बेकरीवाला आहे, शाळेतली मॅडम आहे, आणि एक खान्देशी आयटीवाला. पेजर वाजला की कामावरून उठायचं, मालकाने सोडायचं असा कायदाच आहे आणि त्या तासांचा पगार नगरपालिका मालकाला भरून देते. लागलं-खुपलं तर विमा. (ड्रिलनंतर बिअरपण असते, खोटं कशाला बोलू.) सुरुवातीला साधारण ७० तासांचं ट्रेनिंग, त्यात कितीतरी दिवस आग दाखवलीच नाही, नुसतं पाइप गुंडाळा, कपलिंग (पाइप जोडायचा सांधा) लावा, गाठी मारा, आणि पळायचं नाही. हे पळायचं नाही शिकायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण लहानपणापासून आग म्हटलं की अख्खं गाव पळताना पाहिलेलं.

परवाचा व्हिडिओ पण तोच. चाळीसेक पोरं, बादल्या, फवारणीचे पंप, एक जण नुसत्या चपला घालून ट्रॅक्टरने बाजूची गंजी ओढतोय, मागून कोणीतरी आमच्या अहिराणीत ओरडतंय, "बंब उना का, भो?" (बंब आला का, भाऊ?) याला सिव्हिक सेन्स नाही म्हणता? आमच्या इथे कॉलला बारा जण आले तरी खूप. माणसं आपल्याकडेच जास्त आहेत हो, त्यांना गमबूट, पाइप, विमा आणि महिन्यातून एक संध्याकाळ शिकवणारा कोणी दिला नाही. विजेच्या डीपीवरून लाइन कोण बंद करणार हेसुद्धा ठरलेलं नाही. गंजी वरून विझली तरी आतून धुमसत राहते, फोडून पसरून भिजवावी लागते, जिनिंगच्या कापसाचं तसंच, हे गावातल्या म्हाताऱ्यांना माझ्याआधीपासून माहितीय, त्यांना विचारतं कोण.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं तर चुलतभाऊ म्हणे, "दादा, ज्ञान नको, पाइप दे."

बरोबर बोलला. ग्रामपंचायतीच्या टँकरला कोणती कपलिंग बसते त्याचा फोटो मागवलाय त्याच्याकडे, अजून आला नाही.