गर्दी आहे, वैर कुठे गेले? : ‘घाटमाथा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

श्री. घाटमाथा यांस,

स. न. वि. वि. आपली प्रतिक्रिया लहान असली तरी तिच्यात तीन स्वतंत्र आक्षेप आहेत आणि त्यांपैकी एक मला पूर्णपणे मान्य करावा लागणार आहे, म्हणून चार ओळींत आभार मानून मोकळे होण्याऐवजी सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऑस्ट्रेलियातील टूरिंग कार शर्यती, म्हणजे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या रूपातील शर्यती, आणि त्यांच्या, फोर्ड आणि होल्डन या दोन कंपन्यांच्या गटांत वाटल्या गेलेल्या, चाहत्यांविषयी मी लिहिले होते. बाथर्स्टची, म्हणजे त्या गावाजवळच्या डोंगरावर ऑक्टोबरात होणाऱ्या हजार किलोमीटरच्या शर्यतीची, गर्दी ओसरली आहे आणि जनरल मोटर्सने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या ऑस्ट्रेलियन गाड्यांचे होल्डन हे नाव मोडीत काढले तेव्हाच चाहत्यांचा उत्साह संपला, असा त्या लेखाचा सूर होता. त्यावर आपले म्हणणे असे, की एक, हा म्हाताऱ्याने काढलेला गळा आहे, कारण बाथर्स्टला आजही माणसांचा पूर लोटतो. दोन, हे लोक शर्यतीचे चाहते कधी नव्हतेच, ते बिल्ल्याचे, म्हणजे गाडीवरच्या कंपनीच्या चिन्हाचे, चाहते होते, १९९२ साली त्यांनी विजेत्यांची हुर्यो उडवली हाच त्याचा पुरावा. आणि तीन, असे चाहते कमी झाले तर ते बरेच झाले.

गर्दीपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी चुकलो. ऑक्टोबरातील त्या चार दिवसांची हजेरी अलीकडच्या वर्षांतही दोन लाखांच्या आसपास गेलेली आहे. अर्थात ही चारही दिवसांची बेरीज असते. गुरुवारी डोंगरावर तंबू ठोकून बसलेला माणूस रविवार संध्याकाळपर्यंत तिच्यात चार वेळा मोजला जातो. तरीही गर्दी ओसरली असे म्हणण्यास मला काही आधार नव्हता. जुन्या माणसांच्या बोलण्यातला खेद मी आकड्यांवर लादला.

परंतु गर्दी कायम आहे म्हणून उत्साहही तोच आहे, हे मला पटत नाही. त्यासाठी आपल्याच दुसऱ्या आक्षेपाकडे यावे लागते. १९९२ ची गोष्ट आपण एका वाक्यात सांगितली आहे, आणि तेवढ्याने तिच्यावर अन्याय होतो.

त्या वर्षी शर्यतीच्या अखेरीस डोंगरावर मुसळधार पाऊस आला. आघाडीवर असलेली जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ यांची निसान स्कायलाइन जीटी-आर घसरून आपटली, तिच्यासारख्या इतरही गाड्या जागोजागी अडकून पडल्या आणि शर्यत लाल निशाण दाखवून थांबवावी लागली. नियमानुसार निकाल आधीच्या फेरीवरून काढला गेला, त्यामुळे मोडून पडलेली निसान विजेती ठरली आणि ट्रॅकवर धड चालत असलेली डिक जॉन्सन व जॉन बोव यांची फोर्ड सिएरा दुसरी. खाली जमलेल्या लोकांनी निसानच्या जोडीची हुर्यो उडवली आणि रिचर्ड्स यांनी व्यासपीठावरूनच, थेट प्रक्षेपण चालू असताना, त्यांना शिवी हासडली. त्याच दिवशी शर्यतीत गाडी चालवत असताना डेनी ह्यूम हृदयविकाराने गेले होते. १९६७ चे फॉर्म्युला वन विश्वविजेते असलेले ह्यूम हे रिचर्ड्स यांचे न्यूझीलंडचेच मित्र. आपण त्या जमावाला असभ्य म्हटले आहे. मी त्याचे समर्थन करणार नाही.

मात्र हा जमाव बिल्ल्यासाठी ओरडत होता, हे आपले निदान मला अपुरे वाटते. ‘लोक आपल्या दारातल्या गाडीसाठी ओरडतात’ हा माझ्या मूळ लेखाचा पाया होता, आणि आपण नेमके बोट ठेवले नसले तरी त्यालाही इथेच भोक पडते, कारण जॉन्सन यांची सिएरा ऑस्ट्रेलियात विकलीच जात नव्हती. ती युरोपातली टर्बो गाडी होती. निसान जितकी परकी, तितकीच सिएराही परकी. बिल्ला तेवढा फोर्डचा. मग लोकांनी जॉन्सन यांच्या नावाचा गजर का केला?

याचे उत्तर १९८० मध्ये आहे. त्या वर्षी बाथर्स्टच्या शर्यतीत जॉन्सन यांची फोर्डची निळी फाल्कन सुरुवातीच्या फेऱ्यांत आघाडीवर होती. ब्रिस्बेनकडचा, जवळचे होते नव्हते ते गाडीत घातलेला हा माणूस तोवर देशाला फारसा माहीत नव्हता. सतराव्या फेरीत ‘कटिंग’ या चढाच्या वळणावर रस्त्यात भला मोठा दगड आला. एका बाजूला बिघडलेली गाडी ओढून नेणारा ट्रक होता, त्यामुळे टाळायला जागा उरली नव्हती, आणि फाल्कनचा चक्काचूर झाला. थोड्या वेळाने दूरचित्रवाणीवर मुलाखत देताना जॉन्सन यांना रडू आवरले नाही, आणि देशभरातून फोन येऊ लागले: कोणी दहा डॉलर, कोणी वीस. फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीत वरिष्ठ पदावर असलेल्या एडसेल फोर्ड (दुसरे) यांनी जितके पैसे जमतील तितकीच भर आपण घालू असे जाहीर केले. सगळे मिळून एक लाख चाळीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, जॉन्सन यांनी जॉन फ्रेंच यांच्या साथीने बाथर्स्ट जिंकले. १९९२ च्या पावसात ओरडणाऱ्या लोकांपैकी कितीतरी जणांच्या घरून त्या पैशातले पाच-दहा डॉलर गेले असतील. ते स्वतःच्या माणसासाठी ओरडत होते.

म्हणून मी आता असे म्हणेन, की त्या उत्साहाला तीन पाय होते: दारात उभी असलेली गाडी, ओळखीचा चालक, आणि फुकट दिसणारे दिवसभराचे प्रक्षेपण. चॅनल सेव्हनने १९७९ मध्ये शर्यतीच्या गाडीत कॅमेरा बसवून चालकाला धावत्या गाडीतून प्रेक्षकांशी बोलायला लावले होते. असे प्रक्षेपण नसते तर जॉन्सन यांचे अश्रू घराघरांत पोचलेच नसते. २०१५ पासून मोसमातील बऱ्याच शर्यतींचे थेट प्रक्षेपण पैसे भरणाऱ्यांपुरते उरले. बाथर्स्ट मात्र सर्वांसाठी खुले राहिले. आपल्याला दिसणारा माणसांचा पूर त्या एका डोंगरावर का दिसतो, याचे काही उत्तर यातही असावे.

गाडीच्या पायाविषयी अधिक लिहितो, कारण तारखेची चूक तिथेच झाली. होल्डन गेली म्हणून उत्साह गेला, हा क्रमच उलटा आहे. होल्डनची कमोडोर ही १९९६ ते २०१० अशी सलग पंधरा वर्षे ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खपाची गाडी होती. २०११ मध्ये ते स्थान माझदा ३ ने घेतले. म्हणजे कारखान्याला कुलूप लागण्याच्या सहा वर्षे आधीच लोकांच्या दारातल्या गाड्या बदलल्या होत्या. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि होल्डनने ऑक्टोबर २०१७ मध्ये देशातले उत्पादन थांबवले. २०१८ ची कमोडोर जर्मनीत तयार झालेली, मुळातली ओपेल इन्सिग्निया होती. शोरूममधल्या गाडीत इंजिनाची ओढ पुढच्या किंवा चारही चाकांना, आणि आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन तर नाहीच. ट्रॅकवरच्या ‘कमोडोर’ला मात्र व्ही-एट आणि ओढ मागच्या चाकांना. २०१३ पासून सर्वांना एकाच नमुन्याचा सांगाडा सक्तीचा झाला होता, तेव्हा ट्रॅकवरच्या गाडीत कंपनीचे म्हणण्यासारखे फार थोडे उरले होते. २०१९ मध्ये फाल्कनच्या जागी मस्टँग आली, तेव्हा त्या ठरावीक सांगाड्यावर तिचे कवच चढवताना तिचा आकार इतका विचित्र झाला, की फोर्डचे लोकच तिची टिंगल करू लागले. आज फोर्डचे नाव रस्त्यावर सर्वाधिक दिसते ते रेंजर या मालवाहू पिकअपवर. २०२० ची घोषणा हा नुसता मृत्यूचा दाखला होता.

अधिक गाड्या, अधिक कंपन्या आणि अधिक दर्जेदार चालक आणले की चाहते आपोआप येतात, असे सूचित करणारे आपले एक वाक्य आहे. बाथर्स्टमध्ये हा प्रयोग १९९७ साली जवळजवळ प्रयोगशाळेसारखा झाला. आयोजक आणि संघ यांच्यातील भांडणामुळे त्या ऑक्टोबरात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मोठ्या शर्यती झाल्या: आधी दोन लिटर इंजिनाच्या सुपर टूरिंग गाड्यांची, मग फोर्ड आणि होल्डनच्या व्ही-एट गाड्यांची. सुपर टूरिंग गाड्या तेव्हा ब्रिटनमध्ये मैदाने भरवत होत्या, आणि इथे ब्रॅबॅम बंधूंनी बीएमडब्ल्यूमधून ती शर्यत जिंकली. डोंगर तोच, लांबी तीच, १६१ फेऱ्या. लोक मात्र व्ही-एटच्या शर्यतीला गेले. १९९९ पासून हजार किलोमीटरची शर्यत पुन्हा एकच राहिली आणि ती व्ही-एटची.

आता तिसरा आक्षेप, असे चाहते गेले ते बरे झाले हा. दारू, जाळलेली जुनी वाहने, रात्रीचा धिंगाणा या गोष्टी मी लपवत नाही. माणशी दिवसाला चोवीस डबे बिअर अशी मर्यादा घालावी लागली, यातच सारे आले. (ती मर्यादा ऐकून माझ्या पुण्याच्या भावाने ‘यापेक्षा जास्त कोण पितो?’ असे विचारले होते. त्याला डोंगरावर नेऊन आणायला हवे.) आजचा प्रेक्षक शांत आहे, मुलाबाळांना घेऊन येतो, हे चांगलेच. परंतु एक जुना प्रसंग आठवून पाहा. चालक क्रेग लाउंड्स २००१ मध्ये होल्डनची साथ सोडून फोर्डकडे गेले, तेव्हा होल्डनवाल्यांना तो घरातल्या माणसाने केलेला दगा वाटला. त्याउलट, पूर्वी होल्डनचा अधिकृत संघ असलेला वॉकिन्शॉ यांचा अख्खा संघच २०२३ मध्ये फोर्डकडे गेला. थोडी चर्चा झाली, आणि विषय मिटला. माझ्या मते बदल मोजायचा तर तो इथे मोजावा. तिकिटे खपतात, पण कोणी दुखावले जात नाही.

पुण्यामुंबईच्या माणसाने होल्डनसाठी रडावे हे आपल्याला हास्यास्पद वाटते. वाटू द्या. मी मेलबर्नच्या पूर्वेकडील उपनगरात तेवीस वर्षे राहतो आणि हा खेळ मी ट्रॅकवर नव्हे, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये शिकलो. त्याचे वडील डँडनाँगच्या होल्डन कारखान्यात होते. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी पांढरी कमोडोर बाहेर काढून तो गॅरेजमध्ये लांब वायरीवर टीव्ही मांडायचा, भिंतीला लाल झेंडा, दारात सॉसेजेसची शेगडी. समोरच्या घरात फोर्डवाले, त्यांच्याकडे निळा झेंडा. सकाळपासून शर्यत संपेपर्यंत ही दोन घरे एकमेकांशी बोलत नसत, आणि हरणाऱ्याने पुढच्या शनिवारी जिंकणाऱ्याची गाडी भर रस्त्यात धुवायची असा शिरस्ता होता. पहिल्या वर्षी मला हे भांडण खरे वाटले आणि मी दोघांमध्ये समेट घडवायला निघालो होतो. बायकोने थांबवले म्हणून वाचलो.

२०२२ हे होल्डनचे शेवटचे बाथर्स्ट. शेन व्हॅन गिसबर्गन आणि गार्थ टँडर यांनी ते कमोडोरमध्येच जिंकले, आणि समोरच्या फोर्डवाल्याने न सांगता बादली आणली. पुढच्या वर्षी ट्रॅकवर मस्टँग आणि शेव्हरोले कमॅरो होत्या. फोर्डवाला आपली खुर्ची उचलून शेजाऱ्याच्याच गॅरेजमध्ये येऊन बसला. दोघांनी मिळून गाड्यांच्या आवाजाला, समालोचकांना आणि सॉसेजच्या किमतीला नावे ठेवली. कमॅरो जिंकली. कमॅरोचा विजय होल्डनच्या खात्यात धरायचा की नाही, हे त्यांनी ठरवले नाही, आणि पुढच्या शनिवारी कोणाचीच गाडी धुतली गेली नाही. दोघांच्याही दारात आता जपानी गाड्या आहेत.

टोयोटा येणार म्हणून आपण आनंद व्यक्त केला आहे. २०२६ पासून सुप्रा ही स्पोर्ट्स गाडी उतरवण्याचे टोयोटाने २०२४ साली जाहीर केले, आणि त्यासाठी निवडला तो हाच वॉकिन्शॉ यांचा संघ. हायलक्स आणि कोरोला घरोघरी असणाऱ्या देशात टोयोटाला तयार चाहते मिळतील, हा आपला तर्क ऐकायला बरा वाटतो. पण सुप्रा दारात असलेले घर मला आमच्या संपूर्ण उपनगरात आजवर दिसलेले नाही. माझा अंदाज चुकला तर आपण आठवणीने लिहावे, मी दुसरी दुरुस्ती करीन.

पहिली दुरुस्ती आजच केली आहे. ‘गर्दी ओसरली’ हे वाक्य मूळ लेखातून काढले आहे, फेब्रुवारी २०२० चा उल्लेख उत्साहाचा शेवट म्हणून न ठेवता होल्डनच्या नावाचा शेवट म्हणून ठेवला आहे, आणि सिएरा ऑस्ट्रेलियात विकली जात नव्हती ही मी सोयीने गाळलेली गोष्ट आपल्या प्रतिक्रियेचा निर्देश करून जोडली आहे. हुर्यो उडवणाऱ्यांवरचा परिच्छेद मात्र होता तसाच ठेवला आहे.

आपला,
ब्लॉगलेखक