इन्सुलिन पंप लावला म्हणजे सुटलो, असे नव्हे

इन्सुलिन पंप म्हणजे कृत्रिम स्वादुपिंडच, तो पोटाला लावला की टोचणे बंद, साखर मोजणे बंद, पथ्य बंद, आणि रात्री काढून ठेवला तरी काही बिघडत नाही, असा एक संदेश सध्या मधुमेहींच्या घरोघरी फिरतो आहे. त्यातले शेवटचे विधान जिवावर बेतणारे असल्याने आधी त्याचाच समाचार घेतला पाहिजे.

पेनने इन्सुलिन घेणारा टाइप १ चा, म्हणजे ज्याचे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा, रुग्ण दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिनही टोचून घेतो, त्यामुळे जेवणाचा एखादा डोस चुकला तरी ते त्वचेखालून हळूहळू रक्तात उतरत राहते. पंपात मात्र फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते आणि ते चोवीस तास अगदी थोडे थोडे सोडले जाते. शरीरात त्याचा साठा असा राहतच नाही. नळी दुमडली, त्वचेखालची कॅन्युला, म्हणजे इन्सुलिन आत सोडणारी बारीक नळी, वाकली किंवा पंप काढून माणूस झोपी गेला, तर काही तासांतच रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्ले, वाढू लागतात आणि उलट्या, पोटदुखी, धाप यांवर गोष्ट जाऊ शकते. आंघोळीपुरता पंप काढणे वेगळे, रात्रभर काढणे वेगळे. पंप असूनही घरात पेन आणि कीटोन तपासण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगतात, ते याचसाठी.

टोचणे कमी होते, हे खरे. पण कॅन्युला दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते आणि ती सुईनेच आत जाते.

साधा पंप साखर ओळखतच नाही. साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला, चोवीस तास सुटणारी मूळ मात्रा स्वतः कमी-जास्त करणारा पंप अमेरिकेत २०१६ साली प्रथम मंजूर झाला, पण जेवणाची वर्दी त्यालाही माणसानेच द्यायची असते. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. शिवाय टोचलेल्या इन्सुलिनचा जोर चढायला तासभर तरी लागतो. श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारून यंत्रावर भरवसा ठेवला, तर यंत्र जागे होईपर्यंत साखर चढलेली असते. म्हणून पानावर बसण्याआधीच कर्बोदकांचा हिशेब करावा लागतो.

आता पंपाचा खरा गुण. पेनमधून अर्ध्या युनिटाहून कमी डोस देता येत नाही, पंपातून ०.०५ युनिटही देता येते, आणि टाइप १ झालेल्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही.