सर्व प्रश्न दुसऱ्याने सोडवणे आवश्यक

पालकहो, दहावीचा पेपर सुरू झाल्यावर शाळेच्या खिडकीखाली धावाधाव करायची म्हणजे फारच उशीर झाला. प्रामाणिकपणा मुलाच्या अंगात मुरायच्या आधीच हालचाल करावी लागते. यंदा मार्चमध्ये पर्यवेक्षक म्हणून मला दुसऱ्या शाळेत ड्यूटी लागली होती, त्यामुळे या विषयातलं माझं ज्ञान अगदी ताजं आहे. तुमच्या उपयोगी पडावं म्हणून देतोय.

सुरुवात एसटीपासून करा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. तेव्हा तुमचं तिसरीतलं मूल स्टँडवर आठ वर्षांचं असलं, तरी कंडक्टर समोर आला की साडेचारचं. मांडीवर घ्या, पाय दुमडायला सांगा. ‘अगं पण माझा वाढदिवस तर...’ असं काही ते बोलू लागलं तर दंडाला हळूच चिमटा. हा चिमटा जन्मभर पुरतो.

‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ हे तुम्हा सगळ्यांना येतंच. पुढे जाऊ.

प्रकल्प मुलानं स्वतः करायचा असतो, ही अफवा कुणी उठवली देव जाणे. ‘पाण्याचे प्रदूषण’ स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं. चित्रं आईनं कापायची, अक्षर ताईचं, आणि ‘माझे निष्कर्ष’ या पानावर जे लिहायचं ते वर्गातल्या सगळ्यांचं शब्दशः एकच असतं, त्यामुळे विचार करायचाही त्रास नाही. मूल तेव्हा झोपलेलं असतं. सकाळी फक्त नाव टाकायला उठवा. आम्हा शिक्षकांची काळजी करू नका. सगळं कळत असून आम्ही ‘उत्कृष्ट’ असा शेरा मारतो, आणि डिंकाचे डाग पडलेली, ओळी तिरक्या गेलेली, पोरानं खरोखर स्वतः केलेली वही आली की तिच्यावर ‘नीटनेटकेपणा हवा’ असं लाल शाईनं लिहितो. पोरगं काय शिकायचं ते बरोबर शिकतं.

अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीत आधी उत्तर लिहावं, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं. लोलक हलवलाच पाहिजे असं नाही, गुरुत्वत्वरण ९.८ च येतं.

गृहपाठ मोबाइलला विचारून उतरवला तरी हरकत नाही, मात्र ‘हे उत्तर तुम्हाला उपयुक्त वाटेल अशी आशा आहे’ ही शेवटची ओळ वहीत उतरवू नये.

कॉपीमुक्त अभियानाची शपथ तुमच्या पाल्यानं जरूर घ्यावी. शपथेला एकच हात लागतो, दुसरा मोकळा असतो.

आता बोर्डाची परीक्षा. इथं थोडा हिशेब मांडू, कारण आपण नक्की कशासाठी एवढे कष्ट घेतो हे कळायला हवं. गणिताला पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. त्यातले २० गुण अंतर्गत, म्हणजे शाळेच्या हातातले, आणि शाळेचा हात आखडता असल्याचं कुणी कधी ऐकलेलं नाही. अठरा तर असेच पडतात. राहिले सतरा. तेही ८० पैकी. वर्षभर शाळेत येऊन, क्लास लावून, अपेक्षित प्रश्नसंच घेऊन पोराला ८० पैकी १७ मिळवायचे आहेत, आणि तेवढ्यासाठी त्याचा मामा पाइपावरून पहिल्या मजल्यावर चढतो. या मामाला कुणीतरी पुरस्कार द्या.

माझी ड्यूटी होती त्या दिवशी भूमितीचा पेपर होता. त्या ऐंशीतले चाळीस गुण, दोन तास, वर दहा मिनिटं. (ही दहा मिनिटं पूर्वी सुरुवातीला, प्रश्नपत्रिका वाचायला मिळायची. तेवढ्यात तिचे फोटो मोबाइलवर फिरतात म्हणून २०२३ साली बोर्डानं ती बंद केली, आणि मग ओरड झाल्यावर शेवटी जोडून दिली. लाखो मुलांचा शांतपणे पेपर वाचण्याचा वेळ गेला तो असा. ही आपली कमाई.) पाकीट वर्गातच उघडलं, दोन मुलांच्या सह्या घेतल्या, सगळं नियमाप्रमाणे. मग वीसेक मिनिटांत खिडकीतून कागदाचा बोळा आला. प्रश्नपत्रिका बाहेर कशी गेली ते मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. बोळ्यात प्रमेयाची सिद्धता होती, आकृती नव्हती. म्हणजे कोन एबीसी कुठला, रेख एडी कुठून आली, कशालाच काही पत्ता नाही. तरी अख्ख्या रांगेनं ती सिद्धता उतरवली आणि वर आपापल्या मनानं त्रिकोण काढले. एकानं तर वर्तुळ काढलं. खालून कुणीतरी ओरडत होतं, ‘अरे तिसऱ्यातला ब लिहिला का?’ आतून उत्तर गेलं, ‘दिसत नाही, मोठ्या अक्षरात पाठवा!’ मायक्रो झेरॉक्स एवढी बारीक काढलेली, की कॉपी करायलासुद्धा पोराला चष्मा लागावा.

मी चिठ्ठ्या गोळा केल्या. खिडकी लावून घेतली. लगेच केंद्रसंचालक आले. मला व्हरांड्यात घेऊन गेले, खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाले, ‘सर, तुम्ही आमचे पाहुणे. पाहुण्यासारखं राहा. आमचा निकाल शंभर टक्के असतो.’ वर आणखी, ‘उकडतंय हो, खिडकी उघडा.’ भरारी पथकही आलं. ते येणार हे गेटवरच्या शिपायाला अर्धा तास आधी कळलेलं होतं. पथकानं चहा घेतला, परीक्षा सुरळीत सुरू असल्याचं लिहिलं आणि दुसरीकडे भरारी घेतली.

परत वर्गात आलो तर खिडकी उघडलेली, आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केलेला. मला वाटलं पुरवणी हवी असेल. म्हणाली, ‘सर, यांना गप्प करा ना. मला विचार करता येत नाहीये.’

पेपर सुटल्यावर गेटबाहेर एक गृहस्थ वाट पाहत उभेच होते. चांगले इस्त्रीच्या कपड्यातले. ‘माझ्या पोराचं वर्ष गेलं तर तुम्ही भरून देणार का? तुम्हाला यातून काय मिळतं?’ मी काही बोललो नाही. गाडीपाशी गेलो तर दोन्ही चाकांतली हवा सोडलेली.

तर पालकहो, पुढचा उपाय असा की...

नाही, राहू दे. काय उपाय सांगू तुम्हाला? तुम्हाला सगळे येतात.

तुम्हीच ना ते, २०२४ साली नीटचा पेपर फुटला तेव्हा ग्रुपवर ‘देश विकला’ म्हणून लिहिणारे? त्याच वर्षी जूनमध्ये यूजीसी-नेट, म्हणजे प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, नऊ लाखांहून जास्त उमेदवारांची मेहनत पाण्यात गेली, तेव्हा तुमचं रक्त उसळलं होतं. शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली, तेव्हा ‘असले लोक आमच्या मुलांना घडवणार?’ असं विचारलंत. पेपर फोडणाऱ्या टोळ्यांना पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड असा केंद्राचा कायदा २०२४ मध्येच आला, त्यावर तुम्ही म्हणालात, भर चौकात फटके द्या. मग खिडकीखालचे तुम्ही कोण? तुमच्या हातात दहा रुपयांची झेरॉक्स आहे आणि त्यांच्या हातात लाखांची पाकिटं, एवढाच ना फरक? लाखांची पाकिटं विकत घेणारं गिऱ्हाईक कुठून येतं? तुमच्याच खिडकीतून तयार होऊन जातं.

आपल्या राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. तेव्हा दहावीला बसलेली पिढी निवृत्तीला आली, कायदा अजून त्या खिडकीपर्यंत पोचलेला नाही. आमचीही लाज सांगतो. केंद्रसंचालक माझ्यासारखाच शिक्षक आहे. पथकातलेही शिक्षण खात्यातलेच. शंभर टक्क्यांचा फ्लेक्स गेटवर लावायचा म्हणून आम्ही खिडक्या उघड्या ठेवतो आणि शिक्षकदिनाला चारित्र्यावर भाषणं करतो. थू आहे.

पण तुमच्या पोराचं वर्ष मी वाया घालवलं, हे मला ऐकवू नका. ते तुम्ही जूनपासून रोज थोडं थोडं घालवत होता. त्याला भूमिती येत नाही हे त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि आता आपल्या बापालाही आपल्याकडून ती यायची अपेक्षा नाही, हेही त्याला कळलं. कागदाचा बोळा टाकून तुम्ही त्याला एवढं एकच पोचवलंत.

आणि त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीसाठी कुणी पाइपावर चढलं नव्हतं. तिला कुणाचं उत्तर नको होतं. दोन तास शांतता हवी होती, ती बोर्डानं तिला कबूल केलेली आहे, आणि ती तुम्ही आरडाओरडा करून तिच्याकडून चोरलीत. तिला कमी पडलेल्या मार्कांचा हिशेब कुठल्या गुणपत्रिकेत येत नाही, म्हणून तुमचं निभावतं.

पुढच्या मार्चमध्ये मला पुन्हा ड्यूटी लागणार आहे. हवा सोडायची तर खुशाल सोडा, मी पंप घेऊन येईन. खिडकीपासून मात्र लांब व्हा.