गुप्तधन आणि पाच डॉलर

गेल्या शनिवारी, भर दुपारी, एका सार्वजनिक उद्यानात मला पाच डॉलरची मदत करण्यात आली. मदत करणारे गृहस्थ साताऱ्याचे होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले होते आणि त्यांचा हेतू गंगाजळाइतका शुद्ध होता. म्हणूनच राग नेमका कोणावर काढावा हे अजून ठरत नाही.

मी ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राहतो आणि दोन मित्रांबरोबर जुन्या उद्यानांत धातुशोधक यंत्र फिरवून चांदीची नाणी शोधतो. मित्रांपैकी एक टपालखात्यातून निवृत्त झालेला इथलाच अमेरिकन माणूस, दुसरा नागपूरचा. इथल्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत १९६४ पर्यंत नव्वद टक्के चांदी असे. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पार गेली. त्याआधीच्या पिढ्या ज्या झाडांखाली सतरंज्या अंथरून बसल्या आणि उठताना ज्यांच्या खिशांतून चिल्लर सांडली, त्या झाडांखाली आम्ही यंत्राची चकती जमिनीलगत डोलवत हिंडतो. कानात सूर वाजला की पडद्यावरचा आकडा पाहायचा, गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटायचा, खाली खणायचे, निघेल ते घ्यायचे आणि गवत पुन्हा जागेवर बसवून पायाने दाबायचे. नगरपालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी आमच्या खिशात असते.

निघते काय, तर बहुतेक वेळा पेयांच्या डब्यांच्या जुन्या कड्या निघतात. या कडीचा जनक अर्मल फ्रेझ हा आमच्या डेटनचाच. सहलीला गेला असता डबा उघडायचे साधन विसरले म्हणून त्याला मोटारीच्या बंपरवर डबा फोडावा लागला आणि त्या वैतागातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९६३ साली त्याला पेटंट मिळाले. कडी ओढली की ती सुटून हातात येई आणि हातातून गवतात जाई. डब्यालाच चिकटून राहणारी कडी १९७५ च्या सुमारास आली, तोवर अमेरिकेतले एकही उद्यान या पेरणीतून सुटले नव्हते. म्हणजे सरकारने लोकांच्या खिशांतली चांदी काढून घ्यायला आणि या गृहस्थाने गवतात ॲल्युमिनियम पेरायला एकच मुहूर्त साधला. माझ्या यंत्रावर ही कडी आणि निकेल म्हणजे पाच सेंटचे नाणे पन्नाशीच्या आकड्याच्या आसपास एकाच सुरात बोलतात, सोन्याची अंगठीदेखील बऱ्याचदा त्याच वस्तीत उतरते, आणि त्यामुळे कडीच असणार हे पुरते ठाऊक असूनही गुडघे टेकावे लागतात. शनिवारी माझी कमरेची पिशवी अशा कड्यांनी निम्मी भरली होती. पुढे जे झाले त्यात या पिशवीचा वाटा मोठा आहे.

"आपण मराठी का?" असा प्रश्न माझ्या डोक्यावरून आला तेव्हा मी खड्ड्यात हात घालून होतो. नागपूरकर मित्राला मी मारलेली हाक त्यांनी ऐकली असावी. वर पाहिले तर पांढरेशुभ्र बूट, सप्टेंबरच्या उन्हात स्वेटर, कानटोपी आणि पाठीमागे बांधलेले हात. मी हो म्हणताच ते शेजारच्या बाकावर बसले, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे खणणे तपासले आहे अशा माणसाच्या नजरेने त्यांनी माझ्या खड्ड्याकडे पाहिले.

"बाजू तिरकी झालीय."

"लहानच खड्डा आहे, काका."

"लहान असो, मोठा असो. बाजू सरळ पाहिजे, नाहीतर माप कसं घेणार? आमच्याकडे एम. बी. मध्ये, म्हणजे मोजमाप वहीत, नोंद झाल्याशिवाय घमेलंभर माती हलत नव्हती." मग त्यांनी आमचा मुकादम कोण आहे असे विचारले. मुकादम नाही, आम्ही तिघे मित्र आहोत, असे मी सांगितले. "मुकादम नाही, म्हणून बाजू तिरकी," असा निर्णय त्यांनी दिला, आणि परवानगीचा कागद मागून घेऊन त्यावर गोल शिक्का नसल्याचेही नोंदवले.

मी यंत्राची माहिती देऊन विषय बदलू पाहिला. या विद्येचा आरंभ थोर आहे हे त्यांना पटावे म्हणून सांगितले की १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ते याच ओहायोचे, आणि त्यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असेच यंत्र तयार करून आणले होते.

"मग सापडली गोळी?"

"नाही. पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या, त्यांनी घोळ केला."

"आणि ते राष्ट्राध्यक्ष?"

"ते सप्टेंबरमध्ये वारले."

काकांनी यंत्राकडे फार वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "त्यापेक्षा आमच्याकडे पायाळू माणूस आणायचे. डोळ्यात अंजन घातलं की जमिनीत पुरलेला हंडा दिसायचा त्याला. तुम्ही पायाळू का?"

"नाही, काका. माझ्या वेळी सिझेरियन झालं होतं."

"मग कठीण आहे," असे म्हणून त्यांनी मान हलवली आणि त्या क्षणापासून ते मला 'अरे तुरे' करू लागले.

मी बाकाजवळ असा अडकून पडलेला असताना, तासाभरापूर्वी मी जिथे खूण करून ठेवली होती त्या ओकच्या मुळाशी टपालवाल्या मित्राने खणले आणि १९४४ सालचा डाइम वर काढला. मातीत चांदी काळी पडत नाही म्हणतात ते अगदी खरे नव्हे, परंतु हे नाणे काल टाकसाळीतून आल्याप्रमाणे लखलखत होते, आणि त्याच्या कडेला मातीचा एक तांबूस कण तेवढा चिकटला होता. खूण माझी होती. हे मी त्याला इंग्रजीत, मराठीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले. त्याने हसून माझ्या खांद्यावर थोपटले. काकांनी नाणे तळहातावर घेतले.

"टोपीला पंख आहेत. हा कोण? नारद?"

"ती स्वातंत्र्यदेवता आहे, काका. लोक तिला मर्क्युरी, म्हणजे रोमनांचा देव, समजतात आणि नाण्यालाही तेच म्हणतात."

"चांदी किती?"

"सव्वादोन ग्रॅम."

"बस? आमच्या आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपये होते, त्यातल्या एका रुपयात तुझी असली चार-पाच निघतील." हे गणित दुर्दैवाने बरोबर आहे. त्यानंतर त्यांनी १८७८ चा गुप्तधनाचा कायदा सांगितला: दहा रुपयांहून जास्त मोलाचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. इथला कलेक्टर कुठे बसतो, हे त्यांना हवे होते. इथे कलेक्टर नसतो असे म्हटल्यावर या देशाविषयीचे त्यांचे मत आणखी खाली गेले.

पुढच्या संभाषणात माझ्याकडून काही गैर बोलले गेले असे मला आजही वाटत नाही. प्रत्येक प्रश्नाला मी खरे आणि सभ्य उत्तर दिले होते.

त्यांनी आवाज उतरवून विचारले, "किती दिवस चाललंय हे?"

"झालं असेल वर्षभर."

"वर्षभर!" ते चरकले. "आणि घरी?"

"बायकोला माहीत आहे. तिला आवडत नाही, पण आता ती बोलत नाही."

"नसेल बोलत बिचारी. पदरात किती पडतं?"

"नशीब असलं तर दोन-अडीच डॉलर. पाऊस पडून गेला की जरा बरं असतं."

त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिले, दोन बोटांनी एक कडी उचलली, ती वजनाने किती हलकी आहे हे जोखले आणि पुन्हा ठेवून दिली. "आणि व्हिसाचं कसं? माझा मुलगा सांगत होता, काम सुटलं की साठ दिवसच असतात." त्यांना भलतीच काळजी वाटते आहे असे समजून मी हसून म्हणालो, "तो प्रश्न माझ्यापुरता कधीच मिटला, काका." मिटला म्हणजे नागरिकत्व मिळाले, असे मला म्हणायचे होते. त्यांनी काय घेतले हे त्यांचा चेहरा पाहून तरी मला कळायला हवे होते, असे नागपूरकर मित्राचे म्हणणे आहे. तो तेव्हा दहा पावलांवर उभा राहून सगळे ऐकत होता आणि एका शब्दाने मध्ये पडला नाही. "काहून बोलू बे? मजा येऊन राहिली होती," हे त्याचे समर्थन.

काका उठले, स्वेटरच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमालाची चौकोनी घडी काढली, घडीतून पाच डॉलरची नोट काढली आणि माझ्या मातीने भरलेल्या मुठीत ती दाबून वरून आपला हात ठेवला. "नाही म्हणू नकोस. वडीलधाऱ्याचा हात आहे. मीही आठवीत असताना रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडलीय." या वाक्यानंतर नोट परत कशी करायची, हे कोणाला ठाऊक असेल तर त्याने मला सांगावे. मी तोंड उघडेपर्यंत ते निघालेही होते, आणि जाताजाता मागे वळून म्हणाले, "बाजू सरळ ठेव."

एवढ्यावर थांबले असते तर मी हसण्यावारी नेले असते. परंतु आपल्या समाजात गुडघ्यावर बसून माती उकरणारा प्रौढ माणूस एक तर माळी असतो, नाही तर मजूर, नाही तर संकटात सापडलेला. हौस हे चौथे कारण कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आमच्याच मराठी मंडळातले अर्धे पुरुष रविवारी गोल्फ खेळतात, लोखंडी दांड्याने हिरवळीचे ढेकळे उडवतात, बरा चेंडू तळ्यात घालवतात आणि त्यासाठी वर पैसे भरतात, त्यांना कोणी रुमालातून नोट काढून दिल्याचे ऐकिवात नाही. मी तर ढेकूळ परत बसवतो, शिवाय शहराचा साठ वर्षांचा कचरा फुकट उचलतो. गेल्या गणपतीला आरतीचे ताट माझ्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला होता, पण माझी नोकरी गेल्याची बातमी सोमवारी दुपारपर्यंत सिनसिनाटीला पोहोचली.

सोमवारी संध्याकाळी काकांच्या चिरंजीवांचा फोन आला. त्यांच्या ओळखीत एका गोदामात जागा आहे, रात्रपाळी आहे, बायोडेटा पाठवा, बाबा जेवताना रोज तुमचा विषय काढतात, असे ते अतिशय अदबीने म्हणाले. मी नोकरीत आहे हे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "हो हो, समजू शकतो." काय समजले हे मी विचारले नाही. भाजीच्या दुकानात माझ्या पत्नीला एका बाईंनी, काही लागले तर हक्काने सांगा, असे म्हटले. पत्नीने तिथे खुलासा करण्याऐवजी घरी येऊन मला फक्त "अभिनंदन" एवढेच ऐकवले.

आणि काल मंडळाच्या खजिनदारांचा निरोप आला की परिस्थिती लक्षात घेऊन कार्यकारिणीने यंदाची माझी दिवाळीची वर्गणी माफ केली आहे आणि या गोष्टीची बाहेर वाच्यता होणार नाही. ती वर्गणी मी मार्चमध्येच भरली आहे. तसे मी त्यांना कळवले, तेव्हा पावतीची प्रत पाठवा असे उत्तर आले. आणि पावती त्यांनी मला अद्याप दिलेलीच नाही.